त्या साडेआठ तासांची नोंद

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या मोहल्ल्यात त्यात पोलीस ठाण्याची पायरीही धरतात आणि वर आणखी एक म्हण जोडतात, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. या दोन म्हणींवर विसंबून आपल्या घरांनी काय काय गिळले आहे, त्याचा हिशेब कुणाकडे नाही. मुलाला रात्रभर ठाण्यात बसवून ठेवले आणि सकाळी सोडले, तर ‘सुटला ना, मग आता विषय कशाला काढायचा?’ असे म्हणून आई त्याच्यापुढे चहा ठेवते आणि विषय तिथेच संपतो.

मीही अशाच घरात वाढले, म्हणून भिणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. भीती उगाच नसते. मात्र गप्प बसणे आणि भांडायला उभे राहणे या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक वाट आहे. ती म्हणजे कागद मागणे. त्या वाटेने आमचे घर वर्ष-दीड वर्ष चालले. त्यातून काय हाती आले आणि काय आले नाही, हे वाचक बंधू-भगिनींना सांगावे म्हणून हा लेख. गावाचे, ठाण्याचे आणि अधिकाऱ्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कुणाची बदनामी करावी असा माझा हेतू नाही.

माझे अब्बा मोटार रिवाइंडिंगचे काम करतात. विहिरीवरची जळालेली मोटार शेतकरी दुकानात आणून टाकतो. अब्बा ती उघडतात, जळकी तार काढतात आणि नवी भरतात. चाळीस वर्षे हेच काम. वय सदुसष्ट. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या भागात विहिरींवरच्या मोटारी चोरीला जाऊ लागल्या. चोर तांब्याच्या तारेसाठी मोटारी फोडतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तांबे म्हटले की आधी भंगारवाला आठवतो आणि मग रिवाइंडिंगवाला. तेव्हा पोलिसांनी अब्बांकडे चौकशी करावी, यात गैर काहीच नव्हते. ज्यांच्या मोटारी गेल्या ते अब्बांचेच गिऱ्हाईक होते. चोर सापडावा असे अब्बांनाही वाटत होते.

गैर होती ती चौकशीची रीत. एका गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास दोन शिपाई मोटारसायकलवरून दुकानात आले. ‘साहेबांनी बोलावलंय’ एवढेच म्हणाले आणि अब्बांना दोघांच्या मध्ये बसवून भर बाजारातून घेऊन गेले. सोडले रात्री साडेअकराला. मोबाईल काढून घेतलेला होता. भाईजान फाटकाबाहेर उभा होता, त्याला आत जाऊ दिले नाही. तिशीच्या आतल्या फौजदारसाहेबांनी अब्बांना अरे-तुरे करत ‘चोरीचा माल कुणाकडून घेतोस?’ असे विचारले. ‘माझी वही दुकानात आहे, आणून दाखवतो’ असे अब्बा म्हणाले, तर त्यांना थप्पड बसली. निघताना एका कोऱ्या कागदावर सही घेतली. एका वयस्क हवालदाराने मात्र पाणी दिले आणि असरच्या वेळी कोपऱ्यातली चटई दाखवून ‘चाचा, तुमची नमाज करून घ्या’ म्हटले. मगरिब आणि इशा अब्बांनी मध्यरात्री घरी येऊन अदा केली.

दोन दिवस अब्बा कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकान उघडले, पण समोरच्या हॉटेलात चहाला गेले नाहीत. चाळीस वर्षांत ठरलेला दुपारचा चहा त्यांनी बंद केला. गालावरचा वळ दोन दिवसांत गेला होता. बाजारातून मोटारसायकलवर बसवून नेलेले मात्र शेकडो लोकांनी पाहिले होते, आणि ‘काहीतरी असेल, उगाच कशाला नेतील?’ हे वाक्य आमच्या कानावर यायला वेळ लागला नाही. ज्याच्या दुकानात दुसऱ्याच्या हजारो रुपयांच्या मोटारी विश्वासावर पडलेल्या असतात, त्याच्या धंद्याला हे वाक्य पुरे असते. त्या महिन्यात दोन शेतकरी आपल्या अर्धवट झालेल्या मोटारी उचलून घेऊन गेले.

वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते की मिटले ते बरे झाले. अम्मीला भाईजानची काळजी. त्याचे लग्न ठरायचे होते, आणि उद्या त्यालाच कशात गोवले तर? ओळखीच्या वकीलसाहेबांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, ‘त्यांना ठाण्यात नेले होते, याचा तुमच्याकडे कागद काय आहे?’ कागद नव्हता. ‘मग ते म्हणतील की हा माणूस आमच्याकडे आलाच नव्हता.’

मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. आमच्याकडे रोजकीर्द असते. दिवसभरात एक रुपया आला किंवा गेला तरी त्याची ओळ पडलीच पाहिजे. क्रमांक सलग हवेत आणि पान कोरे सोडायचे नाही. संचालक रागावले तरी एखादी नोंद गाळता येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी बेरीज जुळत नाही. वकीलसाहेबांच्या तोंडून मला पहिल्यांदा कळले की पोलीस ठाण्याचीही एक रोजकीर्द असते. तिला स्टेशन डायरी म्हणतात. कोण आले, कोण गेले, कोणता अधिकारी किती वाजता कुठे रवाना झाला, कधी परतला, हे सगळे वेळेसह क्रमाने तिच्यात लिहायचे असते. तेव्हा माझ्या मनात आले की अब्बा त्या दिवशी साडेआठ तास तिथे होते, तर त्यांची ओळ असली पाहिजे. आणि नसेल, तर ती का नाही हे कुणालातरी सांगावे लागेल.

कायदा काय म्हणतो तेही मी वकीलसाहेबांकडून समजून घेतले. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या कलम १७९ प्रमाणे पोलिसांना साक्षीदार म्हणून कुणाकडून माहिती हवी असेल, तर लेखी आदेश काढावा लागतो. साठ वर्षांवरील व्यक्ती, पंधरा वर्षांखालील मुलगा, कोणतीही स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांची चौकशी त्यांच्या घरीच करायची असते. स्वतःहून ठाण्यात जायला ती व्यक्ती तयार असेल, तर गोष्ट वेगळी. संशयित म्हणून बोलवायचे आणि लगेच अटक करायची नसेल, तर कलम ३५ प्रमाणे नोटीस द्यावी लागते. अटकच करायची असेल, तर अटकेचा पंचनामा लागतो, त्यावर साक्षीदाराची सही लागते आणि घरच्यांना कळवावे लागते. अटकेच्या या अटी सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात घालून दिल्या आणि पुढे त्या कायद्यात आल्या. म्हणजे अब्बा साक्षीदार असोत, संशयित असोत की आरोपी, प्रत्येक वाटेवर एक कागद होता. आमच्या बाबतीत कागद नसलेली वाट निवडली गेली होती.

माहितीच्या अधिकाराचा कायदा देशभर १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू आहे. महाराष्ट्रात तर त्याआधी, २००२ मध्येच राज्याचा असा कायदा झाला होता. अर्जाला दहा रुपये लागतात. ते आपल्याकडे कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून भरता येतात. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही लागत नाहीत. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची सक्ती नाही. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. एखाद्याच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून आणखी एक अट आहे. अर्ज शक्यतो एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा.

दीडशे शब्दांत काय मागायचे? भाईजानचे म्हणणे होते की त्या फौजदाराची सगळी कुंडली मागू. त्याच्यावर याआधी किती तक्रारी झाल्या, त्याला काय शिक्षा झाल्या, त्याची मालमत्ता किती, सगळे. रागाच्या भरात असेच सुचते. वकीलसाहेबांनी मात्र सांगितले, ‘माणसाची फाईल मागाल तर दार बंद होईल. त्या दिवसाची फाईल मागा.’

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गिरीश रामचंद्र देशपांडे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये असा निकाल दिला की सरकारी कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा आणि शिक्षेचे आदेश ही त्याची वैयक्तिक माहिती आहे. मोठे सार्वजनिक हित दाखवल्याशिवाय ती मिळत नाही. पुढे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती अधिकाराचे तेच कलम आणखी घट्ट करण्याची तरतूद झाली आणि त्या कलमातला सार्वजनिक हिताचा उल्लेख वगळण्यात आला. कलम ८ चे पोटकलम २ मात्र शाबूत आहे. माहिती देण्यातले सार्वजनिक हित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल, तर माहिती देता येते, असे ते सांगते. पण ते सिद्ध करण्याची लढाई लांबची असते. त्याउलट स्टेशन डायरी, ड्यूटी वाटपाचा तक्ता, भेट देणाऱ्यांची नोंदवही, आपल्याच नावाने काढलेली नोटीस ही कुणाची खासगी माहिती नाही. तो सरकारी कामाचा रोजचा कागद आहे.

अर्ज मी लिहिला, पण तो अब्बांच्या नावाने करायचा ठरला. स्वतःविषयीचीच माहिती मागणाऱ्याला ‘ही दुसऱ्याची खासगी बाब आहे’ असे सांगणे कठीण जाते. अर्जात पाच मुद्दे होते. त्या तारखेच्या दुपारी बारापासून रात्री बारापर्यंतच्या स्टेशन डायरीतील नोंदींची प्रत. त्याच वेळेतील अभ्यागत नोंदवहीची प्रत. अर्जदाराच्या नावे काढलेली नोटीस किंवा लेखी आदेश असल्यास त्याची प्रत. अर्जदाराची सही असलेल्या प्रत्येक कागदाची प्रत. आणि दुपारी तीन ते रात्री बारा या वेळेतील प्रवेशद्वार व अधिकारी कक्षाचे सीसीटीव्ही चित्रण. ‘मारले का?’, ‘का नेले?’ असे प्रश्न एकही नव्हते. या कायद्याखाली दफ्तरात असलेला कागद मिळतो, कुणाचे स्पष्टीकरण मिळत नाही. ‘का’ विचारले की ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असे उत्तर ठरलेले.

अर्ज अब्बांपुढे ठेवला तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि प्रत्येक ओळ मला दोनदा वाचायला लावली. मग विचारले, ‘यात खोटं काही नाही ना? वाढवून काही लिहिलं नाहीस ना?’ नाही म्हटल्यावर त्यांनी सही केली. महिनाभरापूर्वी त्यांच्याकडून कोऱ्या कागदावर सही घेतली होती, हे कुणी बोलले नाही, पण ते खोलीतल्या प्रत्येकाला आठवत होते.

घटनेनंतर तीनच दिवसांनी, म्हणजे अर्जाच्याही आधी, आम्ही एक साधे पत्र पोहोच पावतीसह टपालाने ठाण्याला आणि जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवले होते. अमुक तारखेचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे, एवढीच विनंती त्यात होती. ही सूचनाही वकीलसाहेबांची. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात फाटकापासून लॉकअपपर्यंत कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण अठरा महिने साठवण्याचा आदेश दिला आहे. तेवढी क्षमता मिळत नसेल, तरी एक वर्षापेक्षा कमी चालणार नाही, असे तो म्हणतो. तरीही पत्र पाठवलेले बरे. नंतर कुणी ‘आम्हाला माहीतच नव्हते’ म्हणू शकत नाही.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आले. पाचही मुद्द्यांवर एकच ओळ. माहिती दिल्यास तपासात अडथळा येईल, सबब नाकारण्यात येते. उत्तर वाचून अम्मी म्हणाली, ‘झालं ना समाधान?’ मला मात्र त्या ओळीत एक गोष्ट सापडली. तपासात अडथळा येणार असेल, तर तपास असला पाहिजे. तपास असेल, तर गुन्ह्याचा क्रमांक असला पाहिजे. आणि क्रमांक असेल, तर अब्बांना नोटीस का नाही?

पहिले अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे असते. आमच्या ठाण्यासाठी ते उपविभागीय पोलीस अधिकारी होते. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करायचे, फी वीस रुपये. अपिलात मी हेच तीन प्रश्न लिहिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा २००७ चा भगत सिंग प्रकरणातला निकाल नमूद केला. तपास चालू आहे एवढे म्हणणे पुरेसे नाही, माहिती दिल्याने तपासाला नेमका कसा अडथळा येईल हे दाखवावे लागते, असा त्याचा आशय आहे.

सुनावणीला मी आणि अब्बा गेलो. सोबत अब्बांचे एक जुने गिऱ्हाईक, शेजारच्या गावचे शेतकरी, स्वतःहून आले. त्यांचीच मोटार सगळ्यांत आधी चोरीला गेली होती. बाहेरच्या बाकावर बसून ते म्हणाले, ‘उस्ताद, माझी मोटार तुम्ही चोरली असं मला कुणी विचारलं असतं, तर मीच सांगितलं असतं.’ ते आत आले नाहीत, त्यांचा तिथे काही संबंध नव्हता. पण त्यांच्या येण्याने अब्बांचे पाय स्थिर झाले, हे मी पाहिले. उपविभागीय अधिकाऱ्यांनी अब्बांना ‘बसा’ म्हटले, अर्ज वाचला आणि ठाण्याच्या प्रतिनिधीला गुन्ह्याचा क्रमांक विचारला. तो त्यांना सांगता आला नाही. पंधरा दिवसांत माहिती विनामूल्य द्यावी, इतरांची नावे झाकावीत, असा आदेश झाला. सगळे वीस मिनिटांत संपले.

स्टेशन डायरीची सात पाने हातात पडली. दुसऱ्यांची नावे काळ्या शाईने झाकलेली होती. कायद्याच्या कलम १० प्रमाणे झाकण्यासारखे तेवढे झाकून बाकीचे द्यायचे असते. त्या बारा तासांत एक मोबाईल हरवल्याची तक्रार होती, बांधावरून झालेले भांडण होते, एका दुचाकीचा अपघात होता, संध्याकाळची गस्त रवाना झाल्याची वेळ होती. अब्बांचे नाव कुठेच नव्हते. नोटीस काढल्याची नोंद नाही, आल्याची नाही, सोडल्याची नाही. सही असलेला कागद ‘अभिलेखावर आढळून येत नाही’. आणि ज्या वेळी अब्बा त्यांच्यासमोर उभे होते, त्या वेळी फौजदारसाहेब बंदोबस्ताच्या पाहणीला बाहेरगावी रवाना झाल्याची नोंद होती.

भाईजान निराश झाला. म्हणाला, कागदाने तर त्यांचेच म्हणणे खरे केले. मला तसे वाटले नाही. बाजारातल्या शंभर डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट रोजकीर्दीत नसेल, तर चूक डोळ्यांची की कीर्दीची? बाहेरगावी असल्याची नोंद असलेला अधिकारी त्याच वेळी ठाण्यात होता, हे भाईजानच्या मोबाईलमधल्या एका फोटोत दिसत होते. फाटकाबाहेर ताटकळताना त्याने सहज काढलेला, वेळेसह. डायरी मिळेपर्यंत तो फोटो निरुपयोगी होता. डायरी मिळाल्यावर त्याला किंमत आली.

चित्रणाबद्दल उत्तर होते, ‘तांत्रिक बिघाडामुळे उपलब्ध नाही’. यावर रागावून उपयोग नव्हता. आम्ही दहा रुपयांचा दुसरा अर्ज केला. यंत्रणा कोणत्या तारखेपासून बंद होती, दुरुस्तीसाठी कुणाला लेखी कळवले, त्या पत्राची प्रत आणि जावक क्रमांक द्यावा. पत्राची प्रत आली. त्यावरची तारीख आमचे चित्रण जपण्याचे पत्र ठाण्यात पोहोचल्यानंतर तीन आठवड्यांची होती.

हे सगळे कागद, अब्बांचे लेखी म्हणणे आणि अब्बांच्या दुकानातली वही असे एकत्र करून आम्ही पोलीस अधीक्षकांकडे तक्रार केली. वहीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. दुकानात येणाऱ्या प्रत्येक मोटारीची तारीख, शेतकऱ्याचे नाव, गाव, मोटारीवरचा क्रमांक आणि काढलेल्या तारेचे वजन अब्बा वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची आपल्या धर्मात स्पष्ट ताकीद आहे. कुरआन शरीफमधली सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, याच विषयावर आहे. अब्बा ती जुन्या संस्कारातून पाळत होते. थप्पड ज्या वहीचे नाव काढल्याने बसली, तीच वही शेवटी त्यांच्या बाजूने उभी राहिली.

या काळात दबाव आला नाही असे नाही. ‘साहेबांचं वय लहान आहे, चाचांनी माफ करावं, कशाला नोकरीवर आणता?’ असा निरोप दोनदा आला. एकदा दुकानासमोर गाडी उगाच दहा मिनिटे थांबली. आम्ही काही पथ्ये पाळली. ठाण्यात कुणी एकटे जायचे नाही. प्रत्येक कागद टपालाने किंवा पोहोच घेऊनच द्यायचा. सगळ्या कागदांचा एक संच दुसऱ्याच्या घरी ठेवायचा. आणि चौकात, हॉटेलात या विषयावर एक शब्द बोलायचा नाही. माफीबद्दल अब्बांचे उत्तर ठरलेले होते, ‘माफ करायला माझी ना नाही. पण मी तिथे गेलोच नव्हतो म्हणता, मग माफी कसली मागता?’

चौकशी दुसऱ्या ठाण्याच्या अधिकाऱ्याकडे गेली. ते घरी आले आणि अब्बांचा जबाब आमच्या बैठकीत बसून घेतला. अम्मीने चहा दिला. जबाब वाचून दाखवल्यावरच सही घेतली.

काही महिन्यांनी आम्ही चौकशीचे काय झाले, याची माहिती मागितली. उत्तर आले की प्राथमिक चौकशी पूर्ण होऊन कसुरी अहवाल वरिष्ठांकडे सादर झाला आहे, आणि शिक्षेविषयीचा तपशील वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही. त्याला २०१२ च्याच निकालाचा आधार होता. त्या अधिकाऱ्याला काय शिक्षा झाली, झाली की नाही, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. पुढे राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील नव्वद दिवसांत करता येते. माहिती विनाकारण दडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. गैरवर्तनाची दाद राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही मागता येते. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अशी प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिल्यानंतर २०१४ च्या दुरुस्तीने ती महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यात आली.

पुढे जायचे का, असे मी अब्बांना विचारले. ते म्हणाले, ‘त्याला काय झालं ते मला नको. मी तिथे होतो हे कुणी लिहिलं का, तेवढं बघ.’

म्हणून शेवटचे पहिले अपील फक्त तेवढ्यासाठी केले. शिक्षेचा भाग आम्हाला नको, चौकशी अहवालातला अर्जदाराविषयीच्या निष्कर्षाचा उतारा तेवढा द्या. तो मिळाला. एका पानाचा तिसरा भाग, बाकी काळी शाई. त्यात सरकारी मराठीत लिहिले होते की अर्जदार त्या तारखेला पोलीस ठाण्यात हजर होते, तथापि त्याबाबत स्टेशन डायरीत नोंद घेण्यात आली नाही, असे निष्पन्न होते, तसेच मोटार चोरीच्या गुन्ह्यांशी अर्जदाराचा संबंध आढळून आला नाही. अब्बांनी तो कागद लॅमिनेट करू दिला नाही. वहीत घडी घालून ठेवला आणि दुपारी हॉटेलात चहाला गेले.

या अनुभवातून दोन-तीन गोष्टी आपल्या घरांसाठी सांगते. ठाण्यात बोलावणे आले तर कुठल्या कामासाठी, कुणी बोलावले, हे नम्रपणे विचारा आणि लेखी नोटीस मागा. साठीच्या पुढच्या माणसाला किंवा घरातल्या बाईला साक्षीसाठी बोलावले असेल, तर चौकशी घरी करावी अशी विनंती लगेच लिहून द्या. कोऱ्या कागदावर सही करू नका. केव्हा नेले, केव्हा सोडले, कोण सोबत होते, हे त्याच रात्री तारखेसह वहीत लिहून काढा. चार दिवसांनी लिहिलेल्या आठवणीत वेळ चुकते. गुन्हा दाखल झाला असेल तर एफआयआरची प्रत मागा. संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे.

आणि या अधिकाराचा वापर धाक दाखवायला करू नका. अर्ज टाकून मग पैसे मागणारे लोक गावोगाव आहेत. त्यांच्यामुळे खऱ्या अर्जदाराकडेही संशयाने पाहिले जाते. एखाद्याच्या बायकोमुलांची माहिती मागणे, घराचा पत्ता मागणे यात कुणाचेच भले नाही. जेवढ्या तासांत अन्याय झाला, तेवढ्या तासांचा कागद मागावा.

एक गोष्ट राहून गेली. पाणी आणि चटई देणाऱ्या त्या हवालदाराचा उल्लेख अब्बांनी स्वतःच्या जबाबात आग्रहाने करायला लावला होता. चौकशी अधिकारी म्हणाले, ‘चाचा, याचा तक्रारीशी काय संबंध?’ अब्बा म्हणाले, ‘त्या दिवशी तिथे जे जे घडलं, ते सगळं लिहायचं ना? मग हेही लिहा.’ त्यांनी लिहिले.